अपडेटनंतर ब्राउझर बंद पडतोय? आधी नेमकं काय पडतंय ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्राउझर आपोआप अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवसापासून उघडला की पाच-दहा सेकंदांत न सांगता बंद पडतो. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलात, तरी तेच. बुकमार्क आणि पासवर्ड आत अडकलेत, ते न गमावता यातून बाहेर कसं पडायचं? आणि शेवटी, जुनी आवृत्ती परत टाकू का? ब्राउझर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, विंडोज आहे एवढंच कळतं. म्हणून क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही धरून सांगतो. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर उभे आहेत, त्यामुळे क्रोमचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू होतं. पत्ते आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजीत करा.

पुन्हा इन्स्टॉल करून काही फरक का पडला नाही, यातच बरंच उत्तर आहे. तुमच्या मशीनवर ब्राउझर म्हणून जे काही चालतं त्याचे तीन थर असतात. पहिला म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइली. दुसरा प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं), सेटिंग आणि कॅशे (पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइली). तिसरा थर बाहेरचा: ग्राफिक्स ड्रायव्हर, अँटिव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर, गेमवर फ्रेमचा आकडा दाखवणारी सॉफ्टवेअरं. यातली बरीच मंडळी आपला कोड थेट ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये घुसवतात. अपडेट बदलतं फक्त पहिला थर. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं तरी बदलतो तोच थर, आणि तोही जसाच्या तसा परत येतो. प्रोफाइल जागेवरच राहतं, ड्रायव्हरला तर हातही लागत नाही.

म्हणून ‘अपडेटने ब्राउझर बिघडला’ हे वाक्य अर्धंच खरं असतं. बहुतेक वेळा नवी आवृत्ती आधीपासून तिथे असलेल्या कशावर तरी आपटलेली असते. २०१९च्या ऑक्टोबरात क्रोम ७८ आला तेव्हा काही मशीनवर प्रत्येक टॅब, अगदी सेटिंगचं पानसुद्धा, कोसळायला लागलं. क्रोमने त्या आवृत्तीत पानं दाखवणाऱ्या प्रोसेसमध्ये परकी, गूगल-मायक्रोसॉफ्टची सही नसलेली डीएलएल (प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल) शिरू न देण्याची तपासणी सुरू केली होती, आणि सिमँटेकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या नेमक्या तशाच आत शिरत होत्या. उपाय सुरक्षा-सॉफ्टवेअर अपडेट करण्याचा होता. ज्यांनी क्रोम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केला त्यांच्या हाती काही लागलं नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम दुरुस्तीचं नाही, प्रतीचं. ब्राउझर बंद आहे असं दिसलं तरी टास्क मॅनेजर उघडून त्याच्या सगळ्या प्रोसेस संपवा. क्रोम आणि एज खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहू शकतात, आणि चालू असताना घेतलेली डेटाबेस फाइलची प्रत अर्धवट निघू शकते. मग रन खिडकीत (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की उघडते) ‘%लोकलअ‍ॅपडेटा%’ टाकून गूगल, क्रोम, यूझर डेटा अशा क्रमाने आत जा आणि अख्खं यूझर डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. फायरफॉक्ससाठी ‘%अ‍ॅपडेटा%’, मग मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स. दोन-चार जीबी निघाले तर घाबरू नका, त्यातला मोठा भाग कॅशेच असतो.

प्रतीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फायरफॉक्सचे पासवर्ड ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’ या दोन फाइलींत मिळून असतात, एकटी एक निरुपयोगी. बुकमार्क आणि हिस्टरी ‘प्लेसेस.एस्क्यूलाइट’मध्ये. क्रोमचे बुकमार्क ‘बुकमार्क्स’ नावाच्या, नावामागे ‘.टीएक्सटी’सारखं शेपूट नसलेल्या साध्या फाइलीत असतात, ती कुठेही उघडते. पासवर्ड मात्र विंडोजच्या तुमच्या खात्याला बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात, आणि ती किल्ली ‘लोकल स्टेट’ फाइलीत असते. म्हणजे हे फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलंत तर बुकमार्क मिळतील, पासवर्ड मिळणार नाहीत. सिंक (खात्यामार्फत डेटा सगळ्या डिव्हाइसवर सारखा ठेवणं) चालू असेल तर ही काळजी बरीच कमी, पण सिंक चालू आहे असं नुसतं वाटणं पुरेसं नाही. दुसऱ्या एखाद्या डिव्हाइसवर उघडून खात्री करा.

प्रत झाली की मशीन खरोखर रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’च. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने सुरू होत नाहीत. अपडेट अर्धवट लागलेलं असेल, जुन्या प्रोसेस आणि नव्या फाइली एकत्र चालत असतील, तर तो घोळ इथेच मिटतो. लिनक्सवर हा प्रकार जास्त दिसतो, कारण पॅकेज मॅनेजर चालू ब्राउझरच्या पायाखालच्या फाइली बदलून टाकतो. रीस्टार्टनंतर एकदा नवी आवृत्ती आली आहे का तेही पाहा. क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही दर काही आठवड्यांनी मोठी आवृत्ती काढतात आणि मधे छोट्या दुरुस्त्या सोडत राहतात. दोष खरंच त्यांच्याकडचा आणि अनेकांना छळणारा असेल तर दुरुस्ती बहुधा काही दिवसांतच येते.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही: पडतंय नेमकं काय? आजचा ब्राउझर ही एक प्रोसेस नसते. मुख्य प्रोसेस वेगळी, पानांच्या वेगळ्या, ग्राफिक्सची वेगळी. नुसता टॅब कोसळून ‘ऑ, स्नॅप!’ किंवा फायरफॉक्सचं टॅब कोसळल्याचं पान दिसलं, तर पानाची प्रोसेस गेली. अख्खी खिडकी क्षणभर काळी किंवा पांढरी होऊन परत येत असेल, तर ग्राफिक्सची प्रोसेस गेली आणि ब्राउझरने ती पुन्हा उभी केली. सगळं एकदम नाहीसं झालं, तर मुख्य प्रोसेस गेली. तुमचं तिसरं आहे. त्यामागे साधारणपणे प्रोफाइल, बाहेरून घुसलेली डीएलएल, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा मेमरी यांपैकी काहीतरी असतं. एखाद्या वेबसाइटचा दोष असण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही.

ती शक्यता आधीच निकालात काढायची सोपी युक्ती आहे. नेट बंद करून ब्राउझर उघडा. नेटशिवाय दहा मिनिटं व्यवस्थित उभा राहिला आणि नेट जोडताच पडला, तर गडबड उघडणाऱ्या पानात, एक्स्टेन्शनच्या एखाद्या विनंतीत किंवा ब्राउझर स्वतः सर्व्हरवरून जे ओढतो त्यात आहे. १३ जानेवारी २०२२ला जगभर फायरफॉक्स लटकले, तेव्हा त्या दिवशी कुठलंही अपडेट आलेलं नव्हतं. सर्व्हरकडच्या एका बदलामुळे एचटीटीपी-३च्या (सर्व्हरवरून पानं आणण्याच्या नव्या पद्धतीच्या) कोडमधला जुना दोष उघडा पडला आणि ब्राउझरचा नेटचं काम सांभाळणारा भाग न संपणाऱ्या चक्रात अडकला. जुलै २०२०मध्ये एज अ‍ॅड्रेस बारमध्ये टाइप करताच पडत होता, तोही फक्त गूगल हे सर्च इंजिन असलेल्यांकडे. सर्च सजेशन बंद केलं की थांबायचा. असे दोष ब्राउझर बनवणाऱ्यांच्या किंवा सर्व्हरच्या बाजूने सुटतात. तुम्ही तात्पुरती पळवाट शोधायची, प्रोफाइल पुसत बसायचं नाही.

आता नोंदी वाचू. फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ टाका. प्रत्येक क्रॅशची तारीख आणि आयडी दिसेल. पाठवलेला रिपोर्ट उघडलात की वर ‘सिग्नेचर’ असते, म्हणजे कोड कुठल्या फंक्शनमध्ये पडला त्याचं नाव. सगळ्यात कामाची ओळ हीच. त्याच सिग्नेचरचे माहीत असलेले बग असतील तर ते रिपोर्टच्याच पानावर जोडलेले सापडतात. क्रोममध्ये ‘क्रोम://क्रॅशेस’ आहे, पण तिथे आयडीपलीकडे वाचण्याजोगं फारसं मिळत नाही. टॅब कोसळत असेल तर त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एरर कोड असतो, तो टिपून घ्या.

कोड वाचताना एवढं माहीत असलं की पुरतं. ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’, म्हणजे सी००००००५: प्रोसेसने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. याची कारणं अनेक, एकट्यावरून निष्कर्ष काढू नका. ‘ब्रेकपॉइंट’, म्हणजे ८००००००३: आतली एखादी तपासणी फसली म्हणून ब्राउझरने स्वतःच स्वतःला थांबवलं. ‘इनव्हॅलिड इमेज हॅश’, म्हणजे सी००००४२८: सही न जुळणारी फाइल आत शिरू पाहत होती. इथे सुरक्षा-सॉफ्टवेअरवर लगेच संशय घ्या. क्रोमियममध्ये ई००००००८ आणि फायरफॉक्समध्ये ‘ओओएम’ने सुरू होणारी सिग्नेचर म्हणजे मेमरी संपली.

विंडोजची स्वतःची नोंदही बघा. रन खिडकीत ‘परफमॉन /रेल’ टाकलं की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात दिवसांचे उभे रकाने असतात, लाल फुली म्हणजे क्रॅश, निळं चिन्ह म्हणजे त्या दिवशी झालेली अपडेट्स. ब्राउझर अपडेट झाला त्याच रात्री विंडोजने ग्राफिक्स ड्रायव्हरही बदलला होता का, हे इथे एका नजरेत कळतं. असं वरचेवर होतं, आणि दोष मात्र नजरेसमोर असलेल्या ब्राउझरच्या माथी येतो. लाल फुलीवर क्लिक करून तपशील उघडा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हीच गोष्ट विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन, इव्हेंट आयडी १००० म्हणून सापडते. त्यात दोन नावं असतात: ‘फॉल्टिंग अ‍ॅप्लिकेशन’ हा तुमचा ब्राउझर, आणि त्याखाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, जे खरं वाचायचं. तिथे ब्राउझरचीच डीएलएल असेल तर फार काही सिद्ध होत नाही. ‘एनव्ही’ने सुरू होणारं नाव एनव्हिडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतं, ‘आयजीडी’ने सुरू होणारं इंटेलच्या, ‘एटीआय’ने सुरू होणारं एएमडीच्या. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते पाहा, कंपनीचं नाव तिथेच मिळतं. ब्राउझर आपले क्रॅश स्वतःच पकडत असल्यामुळे विंडोजमध्ये नोंद असेलच असं मात्र नाही.

नोंदीतून दिशा मिळाली तर थेट तिकडे जा. नाही मिळाली तर थर एकेक करून वेगळे करायचे, आणि नियम एकच: एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम केल्यात आणि क्रॅश थांबला, तरी कशाने थांबला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला सगळं पहिल्यापासून.

फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून तो सुरू करा. ट्रबलशूट मोडची खिडकी येईल. त्यातलं ‘ओपन’ दाबा, ‘रिफ्रेश’ला आत्ता हात लावू नका. या मोडमध्ये एक्स्टेन्शन, थीम, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्स चिपची मदत घेणं) आणि जावास्क्रिप्टचा जेआयटी कंपायलर (पानातला कोड वेगाने चालवणारा भाग) हे सगळं एकदम बंद होतं. म्हणून इथे क्रॅश थांबला तर ‘एक्स्टेन्शनचा दोष’ असं लगेच ठरवू नका. साध्या पद्धतीने उघडून आधी फक्त हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, तेवढ्याने भागलं नाही तर एक्स्टेन्शनकडे वळा. क्रोममध्ये असा तयार मोड नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या रकान्यात शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून दोन हायफन आणि ‘डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ लिहा, मग चालवा. दुसऱ्या फेरीत दोन हायफन तसेच ठेवून त्यापुढे ‘डिसेबल-जीपीयू’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप). तुमच्यासारखा सेकंदांत पडणारा ब्राउझर असला की सेटिंगपर्यंत पोचताच येत नाही, तेव्हा हाच रस्ता. प्रत्येक फेरीआधी टास्क मॅनेजरमधून जुन्या प्रोसेस संपवा, नाहीतर नवी खिडकी जुन्याच प्रोसेसला जोडली जाते आणि स्विच, म्हणजे शॉर्टकटमध्ये लिहिलेली ही सूचना, लागूच होत नाही. निम्म्या लोकांची चाचणी इथेच फसते.

नेटवर ‘नो-सँडबॉक्स’ स्विच लावायचा सल्लाही सापडेल. लावू नका. त्याने काही क्रॅश थांबतात हे खरं, पण पानातला वाईट कोड आणि तुमचं मशीन यांच्यामधली भिंतच त्यात पाडली जाते.

एक्स्टेन्शन दोषी ठरलं तर एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा. क्रॅश राहिला तर दोषी चालू असलेल्या निम्म्यात, थांबला तर बंद केलेल्यांत. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत सापडतं. सापडलं की काढून टाकून पुन्हा टाकून बघा, कधीकधी फक्त त्याचा साठवलेला डेटा खराब झालेला असतो. पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन काढण्याआधी त्याचा डेटा त्याच्या सर्व्हरवर आहे की फक्त तुमच्या मशीनवर, हे पाहिल्याशिवाय हात लावू नका.

याच्या जवळचाच, पण हमखास विसरला जाणारा प्रकार म्हणजे हाताने केलेले बदल. क्रोममध्ये ‘क्रोम://फ्लॅग्ज’मध्ये कधीतरी चालू केलेला प्रयोग अपडेटनंतरही चालूच राहतो, आणि त्यामागचा कोड मात्र बदललेला असतो. ‘रीसेट ऑल’ दाबा. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’मधले बदल तसेच राहतात, आणि प्रोफाइलमध्ये ‘यूझर.जेएस’ नावाची फाइल असेल तर ती दर वेळी सुरू होताना तेच बदल पुन्हा लादते. प्रायव्हसीसाठी नेटवरून तयार यादी उतरवली असेल तर ही फाइल नक्की असेल. तिचं नाव बदलून ठेवा. एवढ्याने आधी लादलेले बदल आपोआप जात नाहीत, ते ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये जाऊन रीसेट करावे लागतात.

ग्राफिक्सवर जरा थांबतो, कारण अपडेटनंतरच्या क्रॅशमध्ये ड्रायव्हरचा हात वारंवार सापडतो. ब्राउझर पान रंगवायला, व्हिडिओ उलगडायला ग्राफिक्स चिपची मदत घेतो, आणि नव्या आवृत्तीत ही मदत मागायची पद्धत बदलू शकते. जुना ड्रायव्हर जुनी मागणी बरोबर पुरवत होता, नव्या मागणीवर अडखळतो. खूण अशी: व्हिडिओ सुरू करताना, खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर नेताना, लॅपटॉप झोपेतून उठताना किंवा नकाशा-थ्रीडी पानांवर क्रॅश होतो. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये त्याच वेळेला इव्हेंट ४१०१ असेल, तर ड्रायव्हरने प्रतिसाद देणं सोडलं होतं आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला, याची ती नोंद.

‘डिसेबल-जीपीयू’ने क्रॅश थांबला तर संशय पक्का. पण तिथेच सोडून देऊ नका. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कायमचं बंद ठेवणं म्हणजे व्हिडिओचा भार प्रोसेसरवर, पंखा जोरात आणि बॅटरी लवकर रिकामी. आधी स्वस्त उपाय: ब्राउझर पूर्ण बंद करून यूझर डेटामधली ‘शेडरकॅशे’ आणि ‘जीआरशेडरकॅशे’, ‘डीफॉल्ट’मधलं ‘जीपीयूकॅशे’ ही फोल्डरं पुसा. फायरफॉक्समध्ये प्रोफाइलमधलं ‘शेडर-कॅशे’. यात तुमचं काहीही नसतं, ब्राउझर ती पुन्हा बनवतो. त्यानंतर ड्रायव्हर. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरचा घ्या, तो फार जुना असेल तरच चिप बनवणाऱ्याचा. विंडोज ‘सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच आहे’ असं म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ त्याच्या स्वतःच्या यादीत याहून नवा नाही, इतकाच. उलट ड्रायव्हरच नुकता बदलला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या मशीनवर एक मधला मार्ग आहे: विंडोज सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे ब्राउझर निवडून त्याला ‘पॉवर सेव्हिंग’ म्हणजे आतली चिप द्या. अ‍ॅक्सिलरेशन चालू राहतं, भांडखोर ड्रायव्हर बाजूला पडतो.

सगळं बंद करूनही पडत असेल तर प्रोफाइल की बाहेरचा कोड, हे ठरवायचं. फायरफॉक्सचा शॉर्टकट ‘-पी’ लावून चालवा, प्रोफाइल मॅनेजर उघडेल, नवं प्रोफाइल बनवा. क्रोममध्ये यूझर डेटामधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरचं नाव बदला. अख्ख्या यूझर डेटाचं बदलू नका, पासवर्डची किल्ली असलेली ‘लोकल स्टेट’ फाइल जागेवर राहायला हवी. तुमची एकापेक्षा जास्त प्रोफाइलं असतील तर ‘प्रोफाइल १’ वगैरे नावाचं फोल्डर तुमचं असेल. नव्या प्रोफाइलमध्ये लगेच साइन इन करू नका. सिंक सगळी एक्स्टेन्शन परत आणून ठेवतं आणि चाचणी वाया जाते.

नव्या प्रोफाइलमध्ये ब्राउझर शांत चालला, तर जुनं प्रोफाइल खराब. क्रोममध्ये जुन्या फोल्डरातून ‘बुकमार्क्स’ आणि पासवर्डांची ‘लॉगिन डेटा’ एवढ्याच फाइली, ब्राउझर बंद असताना, नव्यात आणा. फायरफॉक्समध्ये वर सांगितलेल्या तीन फाइली. ‘प्रेफ्स.जेएस’ किंवा ‘प्रेफरन्सेस’ आणू नका, दुखणं बहुधा त्यांच्याच बरोबर येतं. उघडे टॅब हवे असतील तर फायरफॉक्सच्या ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ फोल्डरात ‘अपग्रेड’ने सुरू होणारी फाइल असते, ती अपडेटच्या वेळचे टॅब जपून ठेवते. हाच सगळा उद्योग फायरफॉक्सचं ‘रिफ्रेश’ आपोआप करतं आणि जुना डेटा डेस्कटॉपवर ठेवतं. ते वाईट नाही, पण एक्स्टेन्शन आणि त्यांचा डेटा जातो, म्हणून आधी प्रत आणि मग ते.

कोऱ्या प्रोफाइलमध्येही पडला, तर प्रोफाइल निर्दोष. उरतो बाहेरचा थर. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ या पानावर ब्राउझरमध्ये शिरलेल्या परक्या डीएलएलची यादी असते, कोणामुळे क्रॅश झाला असेल तर तसं दाखवलेलं असतं, आणि तिथूनच एखादीला अडवता येतं. क्रोमवाल्यांना संशयितांची यादी हाताने करावी लागते: अँटिव्हायरस, ऑफिसने टाकलेलं डेटा-गळती रोखणारं सॉफ्टवेअर, गेमचे ओव्हरले, स्क्रीन रेकॉर्डर, खिडक्यांची मांडणी बदलणारी टूल्स. अँटिव्हायरस ‘पॉज’ करून चाचणी होत नाही, त्याची डीएलएल तशीही आत शिरतेच. आधी तो अपडेट करा. तरीही संशय राहिला तर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, विंडोज डिफेंडर चालू झाल्याची खात्री करा, मग तपासा. ऑफिसचं मशीन असेल तर यातलं काही स्वतः करू नका, सिस्टिम पाहणाऱ्यांना कोड आणि मॉड्यूलचं नाव द्या.

मेमरीचं वेगळं सांगतो, कारण ‘मला १६ जीबी आहेत’ यावर गाडी अडते. विंडोज प्रोसेसला मेमरी देण्याचं वचन रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) मिळून देतं. एसएसडी झिजेल म्हणून कुणी पेजफाइल बंद केली असेल किंवा सी ड्राइव्ह गच्च भरली असेल, तर रॅम मोकळी दिसत असतानाही ब्राउझर मेमरी संपल्याच्या कारणाने पडतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे ‘कमिटेड’चे दोन आकडे बघा. पहिला दुसऱ्याला टेकला असेल तर हेच कारण. पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’ करा आणि ड्राइव्हवर जागा करा.

आणि प्रत्येक क्रॅशची सिग्नेचर वेगळी येत असेल, आज इथे, उद्या तिथे, तर ब्राउझर सोडून मशीनकडे पाहा. सॉफ्टवेअरचा दोष सहसा त्याच जागी पडतो. भटकणारा क्रॅश म्हणजे खराब रॅम, ओव्हरक्लॉकिंग (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) किंवा डळमळीत प्रोसेसर. ‘एमडीशेड’ चालवून मेमरी तपासा, बायोसमधलं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट केलाच पाहिजे. त्यातल्या अस्थिरतेची कबुली इंटेलने दिली होती आणि २०२४मध्ये बायोसमार्फत मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. ब्राउझर मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही भरपूर वापरतो, म्हणून अशी दुखणी अनेकदा आधी त्याच्यातच दिसतात.

जुन्या मशीनची गोष्ट लहान आहे. विंडोज ७ आणि ८.१साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). क्रोम ८९पासून एसएसई३ हा सूचनासंच नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर चालतच नाही. तुमचं मशीन इतकं जुनं असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही.

जुनी आवृत्ती परत टाकू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. शक्यतो नको. नव्या आवृत्तीने प्रोफाइलच्या डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, जुनीला ती वाचता येत नाही. फायरफॉक्स ६७पासून तर जुनी आवृत्ती नव्या प्रोफाइलवर उघडायला नकार देते आणि नवं प्रोफाइल बनवायला सांगते. तो नकार टाळायचा स्विच आहे, पण डेटा बिघडला तर हळहळत बसावं लागतं. शिवाय अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, मागे गेलात की त्या गेल्या. दोन-चार दिवस काढायचेच असतील तर दुसरा ब्राउझर वापरा.

फोनवर हाच त्रास असेल तर ब्राउझरबरोबर अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यूही (इतर अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) बघा. २०२१च्या मार्चमध्ये त्याच्याच अपडेटने जीमेलसकट अनेक अ‍ॅप पडत होती. सेटिंग, अ‍ॅप्स, वेबव्ह्यू, तीन ठिपके, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, आणि मग प्ले स्टोअरमधून नवं अपडेट. ‘क्लिअर कॅशे’ बिनधास्त दाबा. ‘क्लिअर स्टोरेज’ मात्र उघडे टॅब आणि सिंक न झालेलं सगळं घेऊन जातं.

तुम्ही आधी एवढंच करा: प्रत, रीस्टार्ट, नेट बंद करून चाचणी, मग एक्स्टेन्शनशिवाय, मग जीपीयूशिवाय, मग कोऱ्या प्रोफाइलमध्ये. त्यातून सुटलं नाही तर ब्राउझरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स चिप आणि ड्रायव्हरची तारीख, अँटिव्हायरसचं नाव, दोन-तीन क्रॅशच्या सिग्नेचर किंवा फॉल्टिंग मॉड्यूल, आणि कोरं प्रोफाइल पडतं की नाही, हे लिहून पाठवा. ड्रायव्हरची तारीख फायरफॉक्सच्या ‘अबाउट:सपोर्ट’मध्ये किंवा क्रोमच्या ‘क्रोम://जीपीयू’मध्ये मिळेल. ब्राउझर तेवढा वेळही उभा राहत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून घ्या.